भिंतीतले अठ्ठ्याहत्तर वॅट

२ फेब्रुवारी, सोमवार

हिला घरी परत आण म्हटलं, तर मुलाने अट घातली. मला! औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला गोळ्यांच्या वेळा समजावून सांगतो ना, अगदी त्याच आवाजात. "बाबा, मी नाही म्हणतच नाहीये. पण आईचं मशीन त्या घरात टिकत नाही. तिच्या खोलीतलं व्होल्टेज नीट करून दाखवा, मी स्वतः तिला आणून सोडतो."

मशीन म्हणजे हिचं प्राणवायूचं यंत्र. गुडघ्याएवढं, चाकं लावलेलं. खोलीतल्याच हवेतून प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीने हिच्या नाकात सोडतं. रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं. थंडी पडायला लागली तेव्हा ते इथेच होतं, पलंगाच्या डोक्याशी. संध्याकाळी मी खोलीतला हीटर लावला की ते कोकलायला लागायचं. लाल दिवा, शिट्टी. विजेचा दाब कमी पडला की तसंच करतं म्हणे. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि मग मुलगा गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. मी दारात उभा होतो, हातात हिच्या चष्म्याची डबी. द्यायची राहूनच गेली.

तेव्हापासून पलंगावर हवं तसं पसरून झोपायची मोकळीक आहे. झोप तेवढी नाही.

अट तर अट. व्होल्टेज नीट करून दाखवतोच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

गंमत अशी, की ओहमचा नियम मला तोंडपाठ आहे. उभा जन्म शाळेच्या पुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. विज्ञानाचं पुस्तक दर आवृत्तीला माझ्याच टेबलावर यायचं. विजेचा धडा, डाव्या पानावर बॅटरीची आकृती, खाली चौकटीत नियम. त्या चौकटीतली एक वेलांटीसुद्धा मी चुकू दिली नाही. पण ती चौकट सांगतेय काय, ते कधी थांबून पाहिलं नाही. काना-मात्रा बघितल्या आणि पान उलटलं. कारण विज्ञानाचा गठ्ठा संपला की भाषेच्या पुस्तकाचा गठ्ठा यायचा, आणि त्यात कविता असायच्या.

कविता तपासताना मी ओठ हलवायचो. समोर खिळे जुळवणारा जुळारी हसायचा. "साहेब, तपासताय की म्हणताय?" म्हणायचोच मी. लहानपणी वर्गात आम्ही सगळे मिळून चालीवर म्हणायचो, बाकं डोलायची, ती चाल डोक्यातून गेलीच नाही कधी. आजही एखादी ओळ आठवली की नाकाला खडूचा वास येतो.

आज दुपारी जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं आणि तीच चौकट पहिल्यांदा *वाचली*. वाटलं होतं तेवढं काही अवघड नाही. विजेला ढकलणारा तो दाब, व्होल्टमध्ये मोजायचा. वाहते तो प्रवाह, अँपिअरमध्ये. आणि वाटेत जो अडवतो तो रोध, ओहममध्ये. दाब आणि प्रवाह माहीत असले की बाकी सगळं काढता येतं. विसरू नये म्हणून चालीवर बसवलं:

दाबाला भागा प्रवाहाने, रोध हाती येई,
दाबाला गुणा प्रवाहाने, वॅट सांगुनि जाई.

वॅट म्हणजे शक्ती. वस्तू वीज किती खाते ते. मुलाला फोन करून मशीनच्या पाटीवर काय लिहिलंय ते विचारलं. दोनशे तीस व्होल्ट, साडेतीनशे वॅट. भागून पाहिलं. दीड अँपिअर! एवढंसं मशीन, एवढासा प्रवाह. आणि या घराला तेवढाही पेलवत नाही?

५ फेब्रुवारी, गुरुवार

वायरमनकडून मीटर मागवला. त्या वायरमनला सगळे पक्कड म्हणतात. लोकांच्या खिशाला पेन असतं, याच्या पक्कड. सकाळी येतो म्हणाला आणि दिवे लागल्यावर आला, हे नेहमीचंच. मीटर चिमट्यासारखा. त्याचा जबडा उघडून तारेभोवती लावला की प्रवाह सांगतो. तार कापायची गरज नाही. दाब मोजायला दोन टोकदार सळया वेगळ्या.

तो गेल्यावर इस्त्री लावली, दोरीभोवती चिमटा बसवला. शून्य. इस्त्री चांगली तापली होती, बोटाला चटका बसला, आणि मीटर म्हणतो शून्य. पंखा लावला. शून्य. दिवा, शून्य. या घरात वीज नाहीच असा निष्कर्ष काढून मी बसलो. खिन्न! मग पक्कडला फोन केला.

तो एवढा हसला की बाजूला कोणीतरी काय झालं म्हणून विचारत होतं. "काका, दोरीत तारा दोन. करंट एकीतून जातो, दुसरीतून परत येतो. तुम्ही दोन्ही एकदम धरल्यात, त्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं. एकच तार धरायची."

शेवटी त्यानेच परत येऊन एक हातभर दोरी सोलून, दोन तारा वेगळ्या काढून, दोन्हीकडे पिन बसवून दिली. "कवितेचं वेड बरंय हो काका, पण तिला करंट लागत नाही. वायरला लागतो. जपून."

७ फेब्रुवारी, शनिवार

इस्त्री : दोनशे एकवीस व्होल्ट, तीन पूर्णांक दोन अँपिअर. रोध एकोणसत्तर ओहम. शक्ती सातशे सात वॅट. गुणाकार तीनदा केला, तीनदा तोच आला. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! सांगू कुणाला?

८ फेब्रुवारी, रविवार

हिला भेटून आलो. दोन बस बदलाव्या लागतात. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, खिडकी मोठी. ही खिडकीशी पडलेली, पाठीमागे तीन उशा, सून तिचे केस विंचरत होती. मशीन दुसऱ्या टोकाला, नळी लांब सोडलेली. हळू फुसफुसत होतं बिचारं, एकदाही कोकललं नाही.

मी गेल्या गेल्या बोलायला लागलो. चिमटा, दोन तारा, इस्त्रीचे ओहम. ही ऐकत होती. मध्येच खिडकीबाहेर बघून हसली. समोर रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान आहे. "तो बघा," म्हणाली. थांबून श्वास घेतला. "गिऱ्हाईक गेलं की टेप गळ्यातून काढतो, आणि आलं की आधी टेप घालतो, मग या म्हणतो." सुनेलाही हसू आलं. त्या दोघींचं रोजचं काहीतरी असावं.

"लवकरच घरी नेतो तुला," मी म्हटलं. "व्होल्टेजचं बघतोय."

"बघू," म्हणाली. मग, "जेवलात का?"

सून म्हणाली की आईंना आता दुपारी झोप लागते, चांगली दोन-दोन तास. हिला, दुपारी झोप! आमच्या घरी दुपारी कधी पाठ टेकली नाही हिने. आजाराने किती खचलीय ते यावरूनच कळतं. बसमध्ये मला भरून आलं. दिवसभर पडून पडून, परक्या खिडकीतून परका शिंपी बघत राहायचं. स्वतःचं घर आठवत असणार तिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज बल्बने घोळ घातला. पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब, हिच्या बाजूचा, साठ वॅटचा. चालू करून मोजला. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, शून्य पूर्णांक सव्वीस अँपिअर. भागाकार : आठशे सत्त्याहत्तर ओहम. मग वाटलं, मीटरवर रोध थेट मोजायचीही सोय आहे, पडताळा घेऊ. बल्ब काढला, गार होऊ दिला, सळया टेकवल्या. सहासष्ट ओहम.

सहासष्ट कुठे आणि आठशे सत्त्याहत्तर कुठे! एवढी चूक तर मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यातही केली नव्हती. सगळी सकाळ भागाकार तपासण्यात गेली.

संध्याकाळी पक्कड दुसऱ्या कुणाकडे चालला होता, त्याला जिन्यातच पकडलं. उभ्या उभ्या म्हणाला, "दोन्ही बरोबर. गार तार वेगळी आणि तापलेली तार वेगळी, काका. पेटल्यावर अडवणं वाढतं तिचं. खरं काय ते जाणायचं तर चालू असताना मोजायचं. बंद वस्तूला विचारून काय उपयोग?"

तो गेला. मी जिन्यातच उभा राहिलो. मला ही आठवली. दिवसभर घरात तिची धावपळ चालायची. मुलाची शाळा, माझे डबे, माझी आई आजारी होती ती पाच वर्षं. त्या धांदलीत मी कधी विचारलं नाही. मी खुर्चीत, हातात कविता. सगळं आवरून, दिवा घालवून ती आडवी झाली की मग विचारायचो, "काय गं, बरी आहेस ना?" म्हणायची, "बरी आहे." आणि मी ते उत्तर खरं धरून चालायचो.

११ फेब्रुवारी, बुधवार

क्रमाने लिहितो.

आज खरी मोजणी होती, हिच्या खोलीची. मुख्य स्विचपाशी दोनशे सव्वीस व्होल्ट. खोलीतल्या सॉकेटमध्ये काहीच न लावता दोनशे सव्वीस. उत्तम. मग हीटर लावला. मुख्य स्विचपाशी अजून दोनशे सव्वीसच, जेमतेम काटाभर इकडेतिकडे. खोलीत? दोनशे सहा. प्रवाह तीन पूर्णांक नऊ अँपिअर.

म्हणजे वीस व्होल्ट वाटेत हरवले.

बाहेरच्या वीज कंपनीला मी वर्षभर नावं ठेवत होतो. कंपनीचा दोष नाही. वीज घरात पुरेशी येते आणि माझ्या दोन खोल्यांच्या मधे कुठेतरी गळते. पुस्तक उघडलं. हरवलेल्या दाबालाही तोच नियम लागू होणार, नाही का? वीस भागिले तीन पूर्णांक नऊ. पाच ओहम आणि वर थोडं. पण वाटेत तर काही वस्तूच नाही, नुसती तार आहे, आणि चांगल्या तारेला रोध जवळजवळ नसतो असं तीच चौकट म्हणते. मग हा पाच ओहमचा कोण बसलाय मधे?

मग गुणाकार केला. वीस गुणिले तीन पूर्णांक नऊ. अठ्ठ्याहत्तर वॅट.

हिच्या बाजूच्या बल्बहूनही जास्त. तेवढी शक्ती कुठेतरी खर्च होत होती. दिसत नाही, फिरत नाही, उजेड पडत नाही. मग उष्णताच होणार. पण कुठे? मी पलंगावर बसलो, हिच्या जागी. विचार करायला म्हणून पाठ भिंतीला टेकवली.

भिंत उबदार होती.

ती नेहमीच उबदार असते! हिवाळ्यात ही तिथेच टेकून बसायची, आणि मी म्हणायचो, दिवसभराचं ऊन भिंतीने साठवून ठेवलंय तुझ्यासाठी. त्याच्यावर चार कडवी केली होती मी. लग्नाच्या वाढदिवसाला म्हणून दाखवली होती, पाहुण्यांसमोर.

उठलो तो धावत जाऊन मुख्य स्विच बंद केला. अंधारात उभा राहिलो. लाकडी पलंग, पडदा, कापसाच्या उशा. आणि तिच्या नाकात प्राणवायूची नळी. प्राणवायूत काय काय भडकतं, तेही त्याच पुस्तकात आहे, पुढच्याच धड्यात. मी तपासलंय ते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पक्कड आज चक्क सकाळी आला. माझ्या आवाजावरूनच घाबरला म्हणाला. भिंतीवर तळहात फिरवत गेला, एका जागी थांबला, छिन्नी लावली. चुन्याच्या आत, रंगाच्या कितीतरी थरांखाली, एक लाकडी डबी निघाली. कोणे एके काळी कुणीतरी तिथे तारा जोडल्या होत्या, नुसत्या पिळून, आणि नंतर रंगाऱ्याने वरून गिलावा ओढून ती बुजवून टाकली. डबीचं लाकूड कोळसा झालं होतं. बोटाने चुरा होत होता. तारांवरचं आवरण वितळून काळं ठिक्कर.

पक्कडने काळी बोटं पँटला पुसली. मग म्हणाला, "थोडक्यात वाचलात."

मी म्हटलं, मला वाटायचं ऊन आहे.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, ही आतली भिंत. पलीकडे तुमचं स्वयंपाकघर. ऊन येणार कुठून?"

चाळीस वर्षं या घरात राहतोय मी. कुठल्या भिंतीला ऊन लागतं आणि कुठल्या नाही, एवढंही मला ठाऊक नाही. पुस्तकातल्या सूर्यास्तांची पानं मात्र आठवतात.

संध्याकाळी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. लपवलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "बाबा, आई म्हणायची ना. भिंत तापते, कुणाला तरी दाखवा. माझ्यासमोर म्हणाली होती. तुम्ही कविता म्हणून दाखवलीत."

हो. दाखवली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भिंत उघडी आहे. खोलीत जाववत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल पक्कडने नवी तार ओढली, जाड, थेट मुख्य स्विचपासून. मधे एकही जोड नाही. मी शेजारी उभा राहून बघत होतो. "काका, आता तरी बसा," असं चारदा म्हणाला.

आज मुलगा आला. चप्पल काढण्याआधी खोलीत गेला. भिंतीवरचा ओला गिलावा पाहिला, काळी डबी मी ठेवली होती ती हातात घेऊन पाहिली. मग म्हणाला, "दाखवा."

मी हीटर लावला. मशीनच्या जागी साडेतीनशे वॅट भरतील एवढे बल्ब आणि पंखा जोडला, दोरीच्या एकाच तारेभोवती चिमटा बसवला. पाच पूर्णांक चार अँपिअर. सळया सॉकेटमध्ये. दोनशे चोवीस. दोनच व्होल्टची घट! म्हणजे सगळ्या वाटेचा रोध अर्ध्या ओहमपेक्षाही कमी. मी कागदावर मांडून दाखवलं. त्याने माझा भागाकार स्वतः करून पाहिला. लहानपणी त्याची गणितं हीच तपासायची. मी निबंध तेवढे बघायचो.

"हे सगळं तुम्ही काढलंत?"

"हो."

तेव्हा हसला. जाताना दारात म्हणाला, "बरं. येत्या रविवारी आणतो आईला. मशीनची गाडी बघतो."

रात्रीचं जेवण मनापासून जेवलो. कितीतरी दिवसांनी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हिची खोली लावली. चादरी धुतल्या, पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढला. चष्म्याची डबी उशाशी. स्वयंपाकघरातले डबे पुसले, पण कशात काय असतं ते मला कळेना, तेव्हा एकेक उघडून बघितलं. साखर समजून मीठ चाखलं. चहा आता बरा जमतो. ती येईल तेव्हा सगळं मीच करणार, तिने फक्त टेकून बसायचं, असं मनातल्या मनात घोकतोय. जमेल. ओहम जमले की.

तिला फोनवर आकडे सांगितले. दोनशे चोवीस म्हटलं, पाच पूर्णांक चार म्हटलं. "शाबास," म्हणाली. थोडी गप्प वाटली. दम लागला असेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी फोन वाजला. स्वतः केला होता हिने. एरवी सून लावून देते.

"अहो, ऐका. मधे बोलू नका. मी श्वास घ्यायला थांबते आणि तुम्ही माझं वाक्य पूर्ण करता."

बरं, म्हटलं.

"मी नाही येत."

मला वाटलं या रविवारी नाही म्हणतेय. म्हटलं, चालेल, पुढच्या रविवारी. व्होल्टेज काही कुठे जात नाही.

"मधे बोलू नका म्हटलं ना."

मग बोलली. तुटक तुटक, मधे मशीनचा आवाज. जसं आठवतं तसं लिहून ठेवतो.

त्या घरात मी दिवसा कधी आडवी झाले नाही. ताप असला तरी नाही. तिथे आडवं झालं की मला चोरी केल्यासारखं वाटतं. इथे नाही वाटत. सून म्हणते पडा, की मी पडते. झोप लागते.

मी म्हटलं, तिथेही पड ना. चहा मी करतो आता. सगळं मीच करणार आहे.

"तुम्ही करणार, आणि मला ते ऐकू येणार. डबा पडणार. साखर कुठंय म्हणून विचारणार. मग मी उठणार."

"नको उठूस म्हणेन की मी."

"आजवर कधी म्हणालात?"

ती हे भांडून म्हणाली नाही. खरंच आठवून बघतेय अशा आवाजात म्हणाली. मीही आठवून बघत होतो. मला सापडलं नाही.

मग म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलंत. त्याने तुम्हाला अट घातली. तुम्ही ती पुरी केलीत, कौतुक आहे. पण मला यायचंय का, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. मशीन कुठे ठेवायचं ते ठरवत होतात तुम्ही."

पलीकडे सुनेचा आवाज आला, आई, औषध.

"रागावलात?"

"नाही."

"जेवलात का?"

हो म्हटलं. खोटंच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पक्कड मीटर न्यायला आला होता. "मग, काकू येणार ना रविवारी?" नाही म्हटलं. का, असं त्याने विचारलं नाही. मीटर पिशवीत टाकला, भिंत वाळली का ते बघून गेला. चांगली वाळलीय. गार आहे.

एकेक प्रसंग काढून बघत बसलो. ती कुठे उभी होती, मी कुठे बसलो होतो. माझ्या प्रत्येक आठवणीत मी बसलेलाच आहे. मुलाच्या जन्माच्या आधीच्या त्या संध्याकाळी, मी मोठ्याने वाचतोय, ती ऐकतेय. किती सुंदर म्हणून जपून ठेवली होती ती संध्याकाळ! आज नीट पाहिली. ऐकताना ती उभ्यानेच कपडे घडी करत होती. पोट एवढं पुढे आलेलं.

बस गं जरा, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्याने त्या कवितेचं काही बिघडलं नसतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलाचा फोन आला. "बाबा, मला खरंच वाटलं होतं तिला यायचंय." मलाही, म्हटलं. तेवढं एक आमच्यात सारखं निघालं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी मीच फोन केला. म्हटलं, या वेळी आधी विचारतो. मी तिकडे येऊन राहिलो तर चालेल का तुला?

बराच वेळ नुसतं मशीन ऐकू येत होतं.

मग म्हणाली, "रविवारी या. जेवायला. राहायचं मागाहून बघू."